रात्रपाळीला कोण असते, हे आधी विचारा

राजेंद्रनगर, इंदूर येथील एका वाचक भगिनींच्या पत्राचा सारांश: "माझे सासरे, वय ७६, बँकेतून निवृत्त. महिन्यापूर्वी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आहे. बोललेले कळते, पण शब्द फुटत नाहीत. लघवीची नळी अजून आहे. घरी न्या किंवा दोन-तीन महिने पुनर्वसन केंद्रात ठेवा, असे डॉक्टर म्हणतात. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि सासूबाईंचे गुडघे अधू आहेत. दोन जागा पाहिल्या. एक बायपासजवळची, नवी, हॉटेलसारखी, गूगलवर ४.८ तारे मिळालेली आणि महाग. दुसरी जुन्या वस्तीतल्या बंगल्यात, साधी. तिथे आत शिरताच थोडा वास आला, पण तिथल्या फिजिओथेरपिस्टने नानांबद्दल अर्धा तास बारकाईने विचारपूस केली. न्यू जर्सीतले माझे धाकटे दीर म्हणतात की तारे पाहून ठरवा, पैशांची काळजी करू नका. सासूबाईंना वाटते, नानांना तिथे ठेवले तर लोक काय म्हणतील. सेवेचा दर्जा आमच्यासारख्यांनी कसा पारखायचा?"

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रावरून माझा कल दुसऱ्या जागेकडे आहे, हे आधीच सांगून टाकते. मात्र तो दोन अटींवर आहे आणि त्या पूर्ण होतात की नाही, हे तुम्हालाच तिथे पुन्हा जाऊन पाहावे लागेल. पहिली भेट तुम्ही दुपारी, वेळ ठरवून घेतली असणार. अशा भेटीत केंद्राची इमारत आणि व्यवस्थापकाचे बोलणे कळते. शुश्रूषा कशी होते हे कळण्यासाठी एकदा संध्याकाळी जेवणाच्या वेळी आणि एकदा रात्री साडेनऊ-दहाला, न सांगता जावे लागते. त्या वेळी तुम्हाला दारातूनच परत पाठवले, तर तेही एक उत्तर समजावे. रुग्णांची झोपमोड नको, हे कारण खरे असते. पण भावी रुग्णाच्या नातेवाइकाला पाच मिनिटे बाहेरच्या मार्गिकेत उभे राहू देण्याने कोणाची झोप मोडत नाही.

दीरांच्या ताऱ्यांविषयी. ते म्हणतात ती व्यवस्था अमेरिकेत खरोखरच आहे. तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा यंत्रणेने २००८ पासून नर्सिंग होमना एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली आणि त्यासाठी तीन गोष्टी पाहिल्या जातात: सरकारी तपासणीत सापडलेल्या उणिवा, कर्मचाऱ्यांची संख्या आणि रुग्णांच्या प्रकृतीची काही ठरावीक मोजमापे. यातली कर्मचाऱ्यांची बाब तुमच्या उपयोगाची आहे. पूर्वी ही संख्या केंद्रे स्वतःच तपासणीच्या सुमारास भरून देत असत. २०१८ पासून मात्र ताऱ्यांसाठी पगाराच्या नोंदींवर आधारलेली आकडेवारी घेतली जाते, कारण किती माणसे कामावर होती हे केंद्राच्या शब्दापेक्षा पगारपत्रक अधिक खरे सांगते. आपल्याकडे अशा केंद्रांसाठी सरकारी तारे नाहीत. गूगलवरचे तारे ज्याला वाटेल तो देतो. त्यात स्वागतकक्षातल्या चहाने प्रसन्न झालेले पाहुणेही असतात आणि बिलावरून भांडून गेलेले नातेवाईकही. ते वाचायचेच असतील, तर एक-दोन तारे देणाऱ्यांचे अभिप्राय वाचा आणि एकच तक्रार वेगवेगळ्या महिन्यांत पुन्हा येते का, एवढे पाहा.

कागदपत्रांचे काम थोडक्यात उरकता येते. मध्य प्रदेशात खासगी नर्सिंग होमची नोंदणी १९७३ च्या राज्य कायद्याखाली होते आणि जिल्ह्यात ती मुख्य चिकित्सा एवं स्वास्थ्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून पाहिली जाते. ते प्रमाणपत्र आणि त्याच्या मुदतीची तारीख पाहायला मागा. नळ्या घातलेले, अंथरुणाला खिळलेले रुग्ण ठेवणाऱ्या जागेने दाखवायला फक्त गुमास्ता परवाना (दुकान-आस्थापनांची साधी नोंदणी) काढला, तर पुढची चौकशी करण्याची गरज नाही. परिचारिकांचे शिक्षणही विचारा. जीएनएम या परिचर्येच्या पदविकेचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग या पदवीचा चार वर्षांचा आणि एएनएम म्हणजे सहायक परिचारिकेचा दोन वर्षांचा असतो. सहा महिन्यांचे कसलेसे प्रमाणपत्र घेऊन पांढरा कोट घातलेली मुलगी परिचारिका ठरत नाही, मग तिला सगळे 'सिस्टर' म्हणोत. राज्यातल्या नर्सिंग महाविद्यालयांची चौकशी उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयला करावी लागली, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल. त्यामुळे राज्याच्या परिचारिका परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच वाटायचे कारण नाही. एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असेल तर चांगलेच. ती नसल्याने मात्र लहान केंद्र वाईट ठरत नाही.

आता मुख्य मुद्दा. असा रुग्ण सुधारतो की खंगतो, हे बहुतांशी त्याच्या खाटेपाशी किती हात येतात आणि ते हात किती दिवस तिथे टिकतात, यावर अवलंबून असते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: "आज रात्री तुमच्याकडे रुग्ण किती, त्यांतले स्वतः कूस बदलू न शकणारे किती, आणि त्यांच्यासाठी परिचारिका किती व अटेंडंट किती?" उत्तर तोंडी घेऊ नका, भिंतीवरचा ड्यूटी चार्ट पाहायला मागा. मग घरी येऊन साधा हिशेब करा. दोघांनी मिळून एका माणसाची कूस बदलणे, ओले डायपर काढणे, पाठ पुसून कोरडी करणे आणि चादर नीट ओढणे, याला आठ-दहा मिनिटे लागतात. कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलायची असते. म्हणजे एका जोडीच्या हातून एका फेरीत फार तर बारा-पंधरा माणसे होतील, तीही मध्ये कोणी उलटी केली नाही, कोणाची सलाईन सुटली नाही आणि त्या दोघांपैकी कोणी पाणी प्यायलाही गेले नाही तर. असे वीस रुग्ण असतील आणि रात्री दोनच अटेंडंट असतील, तर ते दोघे कितीही मायाळू असले तरी हिशेब बसत नाही. चुकलेली कूस लगेच दिसेलच असे नाही. ती पुढे माकडहाडावर लाल डाग होऊन दिसते.

याच ओघात एक इंदुरी प्रश्न विचारा, जो न्यू जर्सीच्या कोणत्याही यादीत सापडणार नाही. आपल्याकडे अशा केंद्रांत राबणारी पुष्कळशी मुले-मुली झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानी या बाजूंची असतात. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाचे बाजार भरतात तेव्हा ती गावी जातात. त्यांनी जायलाच हवे, तो त्यांचा वर्षाचा सण आहे. प्रश्न असा, की त्या आठवड्यात आणि दिवाळीत केंद्र कोणाच्या भरवशावर चालते? यावर व्यवस्थापक हसून "होऊन जाते" म्हणाले, तर एक समजावे. गेल्या होळीला कोणाला बोलावले होते हे त्यांनी सांगितले, तर दुसरे. आणि अटेंडंटशी दोन शब्द बोलून ती इथे किती महिने आहे हे सहज विचारा. तीन-चार जणींनी "याच महिन्यात आले" असे सांगितले, तर त्या केंद्रात माणसे का टिकत नाहीत, याचा विचार तुम्हाला करावा लागेल.

शय्याव्रणांविषयी थेट विचारा. "सध्या किती रुग्णांना बेडसोअर आहे, आणि त्यांतल्या कितीजणांना तो इथे आल्यानंतर झाला?" जे केंद्र आकडा सांगते आणि पुढे काय केले तेही सांगते, त्यावर मी अधिक विश्वास ठेवीन. "आमच्याकडे होतच नाही" हे उत्तर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या ठिकाणी मला पटत नाही. दाखल करतानाच नानांची त्वचा डोक्यापासून टाचेपर्यंत तपासून तिची नोंद तुमच्या सहीने व्हायला हवी, म्हणजे पुढे "हे रुग्णालयातूनच घेऊन आले होते" असा वाद उरत नाही. ब्रेडन मोजपट्टी वापरता का, हेही विचारा. तिच्यात ६ ते २३ गुण असतात आणि गुण जितके कमी, तितका व्रणाचा धोका जास्त. नाव ऐकल्याबरोबर परिचारिकेच्या चेहऱ्यावर ओळख दिसली, तरी पुष्कळ झाले.

जेवणाच्या वेळी जायला सांगितले ते नानांच्या गिळण्यासाठी. लकव्यानंतर अनेकांचे गिळणे बिघडते. घास किंवा पाणी श्वासनलिकेत उतरते आणि त्यातून न्यूमोनिया होतो; काहींना तर ठसकाही लागत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. तिथे रुग्णांना भरवताना खाटेचे डोके पुरते वर केलेले आहे का, भरवणारी पहिला घास गिळला गेल्याची वाट पाहते का, तोंड पुसून आतून स्वच्छ केले जाते का, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी रुग्णाला बसते ठेवतात का, हे उभे राहून पाहा. एकीच्या हातात चार ताटे आणि चौघांना पाळीपाळीने घाईघाईत पातळ वरण पाजणे, हे दृश्य दिसले तर भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्रांकडे पाहू नका. नाकातून नळी घालणे केंद्राला सोयीचे असते. ती काही वेळा आवश्यकही असते, पण गिळण्याची तपासणी कोणी केली आणि पुन्हा कधी करणार, हे विचारल्याशिवाय तिला संमती देऊ नका.

लघवीच्या नळीचेही तसेच. ती जितके दिवस राहील, तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. नानांची नळी नेमकी कशासाठी ठेवली आहे, हे आधी रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारा आणि मग दोन्ही केंद्रांना "ही कधी काढाल?" असा एकच प्रश्न करा. नळी काढली की दर दोन-तीन तासांनी भांडे द्यावे लागते, म्हणजे पुन्हा हात लागतात. त्यामुळे या प्रश्नाच्या उत्तरात मनुष्यबळाची खरी स्थिती उघडी पडते. खाटेच्या कठड्याला कापडी पट्टीने बांधलेले हात दिसले, किंवा दुपारी चार वाजता सगळा वॉर्ड गाढ झोपलेला आढळला, तर कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि त्या कोणी लिहून दिल्या, हे विचारायचे धाडस करा. अमेरिकेने नर्सिंग होममधल्या अशा बांधण्यावर आणि गुंगी देण्यावर १९८७ च्या कायद्याने बंधने आणली. आपल्याकडे ती दक्षता अजून नातेवाइकांनाच घ्यावी लागते.

उपचारांबद्दल बोलताना "रोज फिजिओ होते" एवढ्यावर समाधान मानू नका. रोज म्हणजे किती वेळ, आठवड्यातून किती दिवस, रविवारी काय, आणि करणारा पदवीधर फिजिओथेरपिस्ट की त्याचा मदतनीस? ब्रिटनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लकव्याच्या रुग्णाला त्याच्या गरजेप्रमाणे आणि झेपेल तर दिवसाला किमान तीन तास, आठवड्यातून किमान पाच दिवस पुनर्वसन उपचार मिळावेत. त्यात चालणे, हाताचे काम आणि वाचा हे सगळे आले. इंदुरात तेवढे मिळणे कठीण आहे, तरी अंतर किती आहे ते कळावे म्हणून हा आकडा मनात असू द्या. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वांत जास्त असतो आणि तुमचा एक महिना रुग्णालयातच गेला आहे. दाखल झाल्या दिवशी नानांचा बार्थेल निर्देशांक काढून घ्या. १९६५ पासून वापरात असलेली ही मोजणी अगदी घरगुती आहे: जेवण, आंघोळ, कपडे, शौच, खुर्चीत बसणे, चालणे, जिना अशा दहा गोष्टी माणूस स्वतः कितपत करतो, यावर ० ते १०० गुण. दर पंधरवड्याला तो पुन्हा काढायला सांगा. बिल देताना "सुधारणा आहे" हे शब्द ऐकण्यापेक्षा २० चे ३५ झाले की २० चे २० च राहिले, हे कळणे बरे. आणखी एक बारीक खूण आहे. अटेंडंट रुग्णाला खाटेवरून उठवताना लुळा हात धरून ओढते की कमरेला आधार देते, ते पाहा. हात ओढल्याने खांदा निखळतो आणि मग महिनोन्‌महिने दुखत राहतो. जिथे हे सर्वांत धाकट्या मुलीलाही शिकवलेले आहे, तिथे बाकीचेही पुष्कळसे शिकवलेले असते.

तुमच्या दुसऱ्या जागेतल्या त्या फिजिओथेरपिस्टने अर्धा तास विचारपूस केली, याला मी जे महत्त्व देते ते यासाठीच. मात्र त्याला हे विचारा की तो तिथे पूर्ण वेळ असतो की तीन केंद्रांत फिरून तासाभरासाठी येतो. ही माझी पहिली अट. दुसरी अट वाचेची आहे. नानांची उजवी बाजू आणि बोलणे एकदम गेले, याचा अर्थ मेंदूच्या डाव्या भागातली भाषेची जागा दुखावली आहे. स्पीच थेरपिस्ट तिथे आठवड्यातून किती वेळा येतो? नाना घरी मराठी आणि बँकेत हिंदी-इंग्रजी बोलत आले असणार. अशा माणसाच्या सगळ्या भाषा एकाच वेळी आणि सारख्याच परत येतात असे नाही. केंद्रात दिवसभर कानावर हिंदीच पडणार. म्हणून एका वहीत मोठ्या अक्षरांत 'पाणी', 'दुखतंय', 'लघवी', 'थंडी', 'बसवा' असे त्यांचे नेहमीचे शब्द, शेजारी हिंदी शब्द आणि साधे चित्र अशी पाने करून खाटेला बांधा आणि ती वही कशी वापरायची हे प्रत्येक पाळीच्या मुलीला स्वतः दाखवा. भाषा गेलेल्या माणसाला अनेकदा ऐकू येत नाही किंवा समजत नाही असे गृहीत धरून त्याच्यासमोर वाटेल ते बोलले जाते. तुम्ही लिहिता की त्यांना कळते. हे केंद्राच्या फाइलवर पहिल्या ओळीत लिहायला लावा.

वासाचे काय, असे तुम्हाला वाटत असेल. सकाळी आठला एका खोलीतून लघवीचा किंवा शौचाचा वास येणे हे काम चालू असल्याचे लक्षण आहे. तोच वास संध्याकाळी सगळ्या मार्गिकेत भरून राहिला असेल, तर हात कमी पडत आहेत. उलट बायपासच्या केंद्रात फवाऱ्याच्या सुगंधाने डोळे चुरचुरत असतील, तर तो कशावर मारला आहे, ही शंकाही रास्त आहे. तुम्ही गेलात ती वेळ कोणती होती, हे आठवून ठरवा. तशी त्या नव्या केंद्रावर माझी काही अढी नाही. तिथला रात्रीचा ड्यूटी चार्ट भक्कम निघाला, स्पीच थेरपिस्ट नियमित येत असला आणि जेवणाच्या वेळी घाई दिसली नाही, तर दीरांचे पैसे तिथे कारणी लागतील.

पैशांबाबत एवढेच, की "पॅकेज"मध्ये काय नाही याची यादी लेखी घ्या. डायपर, औषधे, ऑक्सिजन, एअर बेड, रक्ततपासणी, बाहेरच्या डॉक्टरांची भेट आणि काही ठिकाणी रात्रीचा वेगळा अटेंडंट, हे सगळे वर लावले जाते आणि महिन्याचा आकडा सांगितल्यापेक्षा बराच मोठा होतो. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांसाठी २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय झाली आहे. नानांचे कार्ड काढले नसेल तर काढून ठेवा, पण पुनर्वसन केंद्रातला मुक्काम त्यात बसेल असे गृहीत धरू नका. खासगी विमा असेल तर कंपनीकडून ईमेलवर होकार येईपर्यंत तोही हिशेबात घेऊ नका.

सासूबाईंच्या मनातली गोष्ट मी लहान समजत नाही. त्यांना एकदा बरोबर न्या, फक्त जागा दाखवायला नको, तर फिजिओथेरपीच्या वेळी. नानांना टाकून आलो नाही, चालायला शिकवायला पाठवले आहे, हे त्यांना तुमच्या समजावण्यापेक्षा समांतर दांड्यांमधून पाऊल टाकणारा दुसरा एखादा रुग्ण पाहून अधिक पटेल. दीरांना न्यू जर्सीतून करता येण्यासारखे एक नेमके काम द्या. त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ असते. तेव्हा रोज आपल्या जेवणाच्या वेळी व्हिडिओ कॉल त्यांनी करावा, नाना बसलेले आहेत का आणि कोण भरवते आहे हे पाहावे आणि आठवड्याच्या शेवटी तुम्हाला दोन ओळी लिहाव्यात. तुम्ही दोघांनी मात्र जाण्याची वेळ ठरावीक ठेवू नका.

दाखल करताना पंधरा दिवसांचेच ठरवा आणि ते तसे पावतीवर लिहून घ्या. त्या मुदतीत वजन, त्वचा, बार्थेलचे गुण आणि लघवीच्या नळीचे काय झाले, एवढ्या चार गोष्टी तुमच्या वहीत नोंदवा. त्वचेवर नवा डाग दिसला, किंवा वजन उतरत असून कोणी त्याबद्दल बोलत नसले, तर प्रथम प्रमुख परिचारिकेशी, मग डॉक्टरांशी लेखी बोला. दोन दिवसांत फरक पडला नाही तर हलवा. गंभीर हेळसांड आढळली, तर मुख्य चिकित्सा एवं स्वास्थ्य अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो आणि ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही मार्गदर्शन मिळते. रुग्ण मध्येच नेला तर अनामत रकमेतून किती कापणार, हा आकडाही त्याच पावतीवर, व्यवस्थापकाच्या सहीसह असू द्या.